ईव्हीमधलं एम.टेक.: तिसरं सेम संपल्यावर

तिसरं सेम संपलं, डेझर्टेशनचा पहिला टप्पाही उरकला, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या सेमला लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. मी बी.ई. मेकॅनिकल. काही काळ चाकणला शीट मेटलच्या कंपनीत होतो, मग पुण्यातल्याच एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रिक व्हेइकलच्या एम.टेक.ला आलो. कॉलेजचं नाव विचारू नका, डिग्री अजून हातात पडायची आहे.

नावात व्हेइकल आहे म्हणजे गाडी शिकवतील, या समजुतीत कुणी मेकॅनिकलवाला असेल तर आधीच सांगतो: चेसिस, सस्पेन्शन एका विषयात उरकतात. बाकी सगळं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मोटर कंट्रोल, बॅटरी आणि एम्बेडेड. मोटरच्या तीन फेजचे करंट क्लार्क आणि पार्क ट्रान्सफॉर्म नावाची गणितं वापरून दोन अक्षांवर आणायचे. एक चुंबकीय क्षेत्राचा, दुसरा टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा. इलेक्ट्रिकलच्या पोरांची बी.ई.लाच याच्याशी तोंडओळख झालेली, आम्ही मात्र सरांच्या तोंडाकडे बघत बसायचो. बॅटरी कूलिंगचा विषय आला तेव्हा तीच पोरं वह्या घेऊन आमच्या रूमवर. फिटंफाट.

पैसे वसूल झाले ते बॅटरी लॅबमध्ये. एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेटचा) एक सेल सायकलरला, म्हणजे चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राला लावून सावकाश डिस्चार्ज करत होतो. चार्ज ऐंशी टक्क्यांवरून वीसवर आला तरी व्होल्टेज ३.३ आणि ३.२च्या आसपासच घुटमळत होतं. आणि शेवटी शेवटी कड्यावरून दगड सुटावा तसं खाली. मग नुसतं व्होल्टेज बघून गाडी किती टक्के दाखवणार? म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहायचा. पण सेन्सरची बारीकशी चूकही तासागणिक साठत जाते, ती आवरायला कालमन फिल्टर, म्हणजे मॅट्रिक्सच्या गणिताने अंदाज सतत दुरुस्त करत राहायची पद्धत. मॅट्रिक्स कशासाठी शिकवतात, हा बारावीपासूनचा प्रश्न तिथे सुटला. आता एलएफपीवाली स्कूटर घेतलेला कुणी ‘वीस टक्के दाखवते आणि मध्येच मान टाकते’ म्हणाला, की मी त्याला आधी अधूनमधून पूर्ण शंभरपर्यंत चार्ज करायला सांगतो. बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) हिशेब नव्याने मांडायला तेवढी एक खात्रीची जागा मिळते.

दुसरी गोष्ट लॅबमधल्या काकांची. कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिथे, मेसेज नीट येत नव्हते, सगळा ग्रुप कोड उपसत बसलेला. काकांनी सप्लाय बंद केला, दोन वायरींमध्ये मल्टीमीटर धरला आणि म्हणाले, ‘१२० दाखवतंय, ६० पाहिजे.’ बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर म्हणून मिळून ६०; त्यातला एक निखळला होता. कुठल्याच पीपीटीत हे नव्हतं.

आता तक्रार. माहितीपत्रकात मोटर डायनॅमोमीटरचा, म्हणजे मोटरवर भार टाकून तिची चाचणी घेणाऱ्या यंत्राचा, झकास फोटो होता. यंत्र आहेही, पण ते चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि पहिलं वर्ष आम्ही सिम्युलिंक या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवरच काढलं. स्क्रीनवर मोटर तापत नाही, आवाज करत नाही, जळत तर नाहीच. ॲडमिशनआधी लॅब बघायला जाल तेव्हा यंत्र चालू करून दाखवा म्हणा, आणि सरांना नको, सिनिअरना गाठा.

एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत ईव्हीचा वेगळा पेपर नाही. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलसारख्या आपल्या शाखेतूनच द्यायचा. पण द्याच. वैध स्कोअर असेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमाने महिना १२,४०० रुपये मिळतात, खोली आणि मेस त्यात कशीबशी बसते.

पुण्यात असल्याचा फायदा मात्र खरा आहे: गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय संस्था इथे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने इथे. मुलाखतीत डिग्रीचं कौतुक कुणालाच नव्हतं. २०२२च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकाचे नियम कडक झाले, प्रश्न सगळे तिथलेच. एक सेल पेटला तर शेजारचा वाचवायला काय कराल? वायू कुठून बाहेर काढाल? इथे आमचं मेकॅनिकल कामाला येतं.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी माझ्या मते पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं नेहमीचं एम.टेक. करावं, दारं जास्त उघडी राहतात. आधीच चांगल्या बीएमएस टीममध्ये असाल तर नोकरी सोडू नका. मेकॅनिकलमधून उडी मारायची असेल तर या, पण पहिल्या सेमला झोपेवर पाणी सोडून.

माझं डेझर्टेशन पॅकच्या कूलिंगवर आहे. गाईड म्हणतात, सिम्युलेशन पुरे, आता प्रयोग दाखव. पाणी थंड करणारा चिलर दुरुस्तीला गेलाय.