लिस्बनमधला खासगी गाईड: आठ महिन्यांनंतर पैसे वसूल वाटतात का?

पैशांपासूनच सुरुवात करते, कारण मला सगळे आधी तेच विचारतात. चार तासांची पायी टूर, २४० युरो. अशा दोन घेतल्या. शिवाय गाडीने पूर्ण दिवसाची एक, ३९० युरो. हे दर माणशी नाहीत, चौघांचे मिळून आहेत. प्रवेशाची तिकिटं, ट्राम, खाणंपिणं वेगळं. रुपयांत सगळं मिळून नव्वद हजारांच्या आसपास गेले. नवऱ्याने हॉटेलच्या खोलीत हिशेब करून मला आकडा दाखवला आणि शांतपणे झोपला.

परत आल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर तिन्ही टूरना पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता आठ महिने झालेत. त्या दोन पायी टूरचा विषय घरात अजूनही निघतो. गाडीच्या टूरचे फक्त फोटो उरलेत.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात मराठी, आडनाव डिमेलो. पप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लिस्बन बघायचं हा त्यांचाच हट्ट. मम्मीला रोमला जायचं होतं, ती अजून ऐकवते. तिकडे मोठ्या ग्रुपबरोबर झेंड्याच्या मागे पळणं पप्पांना जमणार नाही म्हणून खासगी गाईड बघितला. इंग्रजी त्यांना कळतं, पण समोरच्याने घाई करायची नाही.

बुकिंग माझ्या माहेरच्या आडनावावर केलं होतं. गाईड बाई साधारण पन्नाशीच्या, इतिहास शिकलेल्या, तिथल्याच. त्यांना वाटलं ब्राझीलचं कुटुंब येतंय. रोसियो चौकात आम्ही चौघं उभे आणि बाई आमच्या शेजारून दोनदा पुढे गेल्या! ओळख पटल्यावर पहिला प्रश्न अर्थातच आडनावाचा. पप्पांनी ‘वसई’ म्हटलं, त्यांना कळलं नाही. मग पप्पांनी पोर्तुगीज कागदपत्रांतलं नाव सांगितलं, ‘बासाईं’. बाई थांबल्या आणि हातातला दिवसाचा आराखडा घडी घालून पिशवीत टाकला. मला विचाराल तर २४० युरो तिथेच वसूल व्हायला लागले.

त्याआधीचंही सांगायला हवं. पैसे भरल्यावर बाईंनी मेसेज करून तीन गोष्टी विचारल्या: कोणाला चालायला त्रास आहे, काय आधीच वाचलंय, आणि कोणत्या वारी काय ठरवलंय. मी बेलेंचा मठ सोमवारी धरला होता. तो सोमवारी बंद असतो. आमचा एक दिवस तिथेच वाचला.

लिस्बन म्हणजे टेकड्या. फुटपाथ पांढऱ्या-काळ्या छोट्या दगडांचे, दिसायला सुरेख आणि ओले झाले की काचेसारखे घसरडे. रबरी तळव्याचे बूट न्या, मम्मीची नवीन चप्पल दुसऱ्या दिवसापासून बॅगेत गेली. अशा शहरात पप्पांना वर कसं न्यायचं याची मला धास्ती होती. बाईंनी सांता जुस्ताच्या सुप्रसिद्ध लोखंडी लिफ्टची लांबलचक रांग लांबूनच दाखवली (१९०२ सालची आहे, फोटो काढा आणि सोडा) आणि आम्हाला मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी शियादो भागात वर आणलं. किल्ल्याच्या टेकडीसाठी रुआ दुश फांकैरुशवरच्या एका साध्या इमारतीत शिरलो. आत सार्वजनिक लिफ्ट, फुकट! बाहेर पडून थोडं चाललं की एका बाजाराच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट. रोज कामाला जाणाऱ्या आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन त्यात उभ्या. हे पुस्तकात शोधलं तर सापडेलही, पण शोधायचं असतं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

बाईंची दुसरी सवय म्हणजे आधी बसवायचं, मग बोलायचं. बाक, पायरी, चर्चमधलं बाकडं, काहीही. उभ्याने एक वाक्य इतिहासाचं नाही. आणि सावली बघून बसवायचं.

रोसियोच्या शेजारी साओ दोमिंगुशचं चर्च आहे. १९५९ साली आत आग लागली होती. नंतर छप्पर घातलं, पण खांब तसेच तडकलेले, काळवंडलेले ठेवलेत. आत बसल्यावर बाईंनी १५०६ सालच्या कत्तलीबद्दल सांगितलं, ज्यात बळजबरीने ख्रिस्ती केलेले ज्यू इथेच मारले गेले. बाहेर त्यांचं स्मारक आहे. पलीकडे जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. पप्पांनी विचारलं, गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल इथे शाळेत शिकवतात का? मला वाटलं आता विषय बदलणार. बाई म्हणाल्या, “फार थोडं. मला विद्यापीठात कळलं.” मग त्यांनी गार्सिया द ऑर्ताची गोष्ट सांगितली. हा वैद्य गोव्यात राहिला, १५६३ साली गोव्यातच त्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो मूळचा ज्यू. आज लिस्बनमध्ये त्याच्या नावाची बाग आहे. पप्पा बराच वेळ गप्प होते. ग्रुप टूरमध्ये हा प्रश्न विचारायला त्यांनी हात वर केला नसता, आणि केला असता तरी मागचे लोक घड्याळ बघत राहिले असते.

कार्मूचा मठ मात्र त्या सकाळचा कळस. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळी चर्चमध्ये गर्दी, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. त्यामागून समुद्राची लाट आली आणि आग तर कितीतरी दिवस चालली. कार्मूच्या चर्चचं छप्पर गेलं ते परत घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. पप्पा मधोमध उभे राहून म्हणाले, “अगं, हे तर आपलं किल्ल्यातलं देऊळ.” आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. वसईच्या किल्ल्यातही अशीच बिनछपराची चर्चेस आहेत. इकडे जमीन हलली, तिकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पा आले.

मग भूमिकाच बदलल्या. पायरीवर पप्पा सांगायला लागले आणि बाई ऐकायला. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या, त्या आज हिंदू देवळांत टांगलेल्या आहेत: नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला. बाईंना हे माहीतच नव्हतं. त्यांनी वही काढून नावं लिहून घेतली, मेणवलीचं स्पेलिंग दोनदा विचारलं. वर्गात पोरं पप्पांना विचारायची, सर तुम्ही डिमेलो, मग लढाईत तुम्ही कोणाच्या बाजूने? पप्पांचं उत्तर ठरलेलं: घंटेच्या. हे त्यांनी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, विनोद अर्धाच पोहोचला, पण बाई हसल्या.

भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने सखल भाग नव्याने आखला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घालून, म्हणजे धक्का बसला तर घर डोललं तरी कोसळू नये. राजा जुझे मात्र त्यानंतर दगडी छपराखाली राहायला इतका घाबरला की आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला. सांता लुझियाच्या सज्जात चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक दिसतो. तिथे आधी बसवलं, चित्र दाखवलं, आणि मग खाली आजच्या चौकात नेलं. हा क्रम महत्त्वाचा होता. उलट नेलं असतं तर तो नुसता मोठा मोकळा चौक वाटला असता.

दुसरी टूर बेलेंची. जेरोनिमुशचा मठ पूर्वेच्या व्यापारावर बसवलेल्या साधारण ५ टक्के करातून उभा राहिला. दारातच वास्को द गामाची कबर. तो वारला कोचीनला, १५२४ मध्ये, हाडं नंतर इकडे आली. सगळे पर्यटक तिथे फोटो काढतात आणि निघतात. बाईंनी आम्हाला पुढे नेलं, वेदीच्या बाजूला, जिथे राजांच्या कबरी दगडी हत्तींच्या पाठीवर आहेत. त्यातला एक तिसरा जुआंव. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली ती याच्याच राज्यात. पप्पांनी हत्तीच्या सोंडेकडे बघत म्हटलं, “वजन आपल्याच हत्तीवर टाकलंय.” मला अजून आठवतं आणि हसू येतं.

बेलें बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा १५१५ मध्ये जहाजाने इथे उतरला होता. राजाने तो पुढे पोपकडे पाठवला, वाटेत जहाज बुडालं. बाईंनी बोट दाखवलं नसतं तर ते डोकं आम्हाला दिसलं नसतं. तिथल्या सुप्रसिद्ध कस्टर्डच्या टार्टच्या दुकानाबाहेर (१८३७ पासूनचं) पार्सलच्या रांगेत उभं राहू नका, सरळ आत जाऊन बसा, खोल्यांमागे खोल्या आहेत. मम्मीचे एकमेव पाच तारे तिथे पडले. तिकडे चहाला ‘शा’ म्हणतात आणि बेकरीत ‘शामुसा’ मिळतो, तो आपला समोसाच. मग पाव, बटाटा, चावी, पगार, बिजागरी, घमेलं अशी शब्दांची अंताक्षरी ट्रामभर चालली.

आता तिसरी टूर. हीच सगळ्यात महाग. लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव सिंत्रा आणि काबु द रोका, गाडी आणि ‘चालक-गाईड’, नऊ तास. कंपनी वेगळी, नाव लिहीत नाही. गाडी उत्तम, माणूसही गोड. पण तो राजवाड्याच्या दारात सोडून पार्किंगला गेला, आत आम्ही आमचे. पेना राजवाड्याला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, आणि रस्त्यातल्या गर्दीत आमची वेळ जवळजवळ हुकली. मग एक फरशांचं दुकान, एक बुचाच्या वस्तूंचं दुकान, ‘नुसतं बघा’ म्हणत पाऊण तास. बुचाच्या उत्पादनात पोर्तुगाल जगात पहिला आहे, मान्य, पण मला बुचाची पर्स नको होती. काबु द रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, खरंच बघण्यासारखं. वारा इतका की पप्पांची टोपी अटलांटिकमध्ये. तिथे आमच्या वाट्याला वीस मिनिटं आली. सिंत्राला लोकल ट्रेन जाते हे नंतर कळलं. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: तुम्ही आत येणार का, आणि दुकानात थांबणार का? दोन्ही उत्तरं लेखी घ्या.

रिक्षाही केली एकदा. हो, लिस्बनभर आपल्यासारख्या रिक्षा फिरतात, बहुतेक विजेवरच्या, सजवलेल्या. तासाचा दर ऐकून पप्पांनी वसई स्टेशनच्या सवयीने घासाघीस केली आणि खरंच थोडे कमी झाले. गुडघ्यांसाठी ठीक, माहितीसाठी नाही.

तक्रारी पायी टूरच्याही आहेत. चार तासांत बाईंनी स्वच्छतागृहासाठी एकदाच थांबवलं, ज्येष्ठ बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा. आम्ही लिस्बनच्या किल्ल्याच्या आत गेलोच नाही, नवऱ्याला ते खटकलं. आणि पहिल्या दिवशी शेवटचा अर्धा तास पप्पा आणि बाई दोघंच बोलत होते, मम्मी आणि मी दुकानांच्या काचा बघत होतो. तुमच्या गटात एकालाच इतिहासाची आवड असेल तर एकच टूर घ्या, तीही पहिल्या दिवशी, म्हणजे पुढचे दिवस तुमचे तुम्ही फिरू शकता. आणि प्रश्न घेऊन जा. नुसतं ‘दाखवा’ म्हणणाऱ्याला त्या बाईंनीही तोच पाठ केलेला पट्टा ऐकवला असता.

बाईंचा नाताळला मेसेज आला होता. त्यांना नारोशंकराच्या घंटेचा फोटो हवा होता. पप्पा त्यासाठी नवऱ्याला घेऊन नाशिकला जाऊन आले, पेट्रोल आणि मिसळ धरून तो खर्च वेगळा.

दरम्यान आमच्याकडे कोणी पाहुणा आला की पप्पा त्याला वसईच्या किल्ल्यात नेतात. आधीही न्यायचे, पण उभ्याउभ्या, भराभर, परीक्षेआधी पोर्शन संपवल्यासारखं. गेल्या रविवारी माझ्या मावसभावाची पोरं आली होती. मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन पोहोचले तर तिघं चर्चच्या पायरीवर सावलीत ओळीने बसलेली, एकाच्या हातात मोबाईल, त्यावर कार्मूच्या कमानींचा फोटो, आणि पप्पा अजून एक शब्दही बोलले नव्हते.