मुलांना आधी काय दाखवायचं: बनवाबनवी, झपाटलेला, श्यामची आई की मालगुडी?

आपल्या लहानपणीचं मुलांना दाखवायचं ठरलं की दोन वाटा फुटतात. एक, सगळ्यांनी मिळून अडीच तासांचा सिनेमा. दोन, रोज रात्री जेवणानंतर मालिकेचा एखादा भाग. माझं मत आधीच सांगून टाकते: मुलं दहाच्या आतली असतील तर मालिकेपासून सुरुवात करा आणि सिनेमा आजी-आजोबा घरी असतील त्या दिवसासाठी ठेवा. जुना सिनेमा रंगायला वेळ घेतो. पहिल्या अर्ध्या तासात मूल कंटाळलं की ‘तुमचं जुनं नको’ हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं. मालिकेचा एक भाग फसला तर फार काही बिघडत नाही, उद्या दुसरा लावता येतो.

पण त्याआधी एक अडचण. तुम्हाला मुलांच्या कानावर मराठी पडायला हवंय का? परदेशात किंवा इंग्रजी शाळेच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांचा बहुतेक वेळा तोच हेतू असतो. आता नव्वदच्या आसपास लहान असलेल्या कुणालाही विचारा, टीव्हीवरचं काय आठवतं म्हणून. उत्तरं येतील मोगली, मालगुडी डेज, विक्रम और बेताल, शक्तिमान. सगळं हिंदी. आपल्या पिढीच्या मराठी घरातला रविवार बराचसा हिंदीत गेला, हे मान्य करूनच निवड करावी लागते. मराठीच हवं असेल तर पारडं सिनेमाकडे झुकतं. भाषेचा आग्रह नसेल तर मालिका सहज जिंकतात.

मालिकांत माझा पहिला कौल ‘मालगुडी डेज’ला. आर. के. नारायण यांच्या कथा, मुंबईत मराठी नाटकांत वावरलेल्या शंकर नाग यांचं दिग्दर्शन, शीर्षकाला आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबे गावात. १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आलेली ही मालिका आज बघताना जुनाट वाटत नाही, कारण ती तेव्हाही तिच्या काळाच्या मागेच होती. गोष्टी इंग्रजांच्या राजवटीतल्या. बैलगाड्या, धोतरं, छडीवाले मास्तर हे आपल्यालाही परकंच होतं, त्यामुळे ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणायची सोय नाही.

मात्र सगळी मालिका मुलांची नाही. कित्येक कथा मोठ्यांच्या आहेत आणि त्यांत मुलं चुळबुळतात. स्वामीचे भाग निवडून घ्या. मास्टर मंजुनाथचा स्वामी शाळा चुकवतो, क्रिकेटचा क्लब काढतो आणि वडिलांना टरकून असतो. वडील गिरीश कर्नाड, म्हणजे टरकायला कारणही आहे. एका भागात वाघाशी झुंजलेल्या मुलाची बातमी वाचून वडील स्वामीला म्हणतात, तूही धीट हो, आज ऑफिसच्या खोलीत एकटा झोप. रात्री अंधारात स्वामी भीतीने समोर आलेल्या पायाला कडकडून चावतो आणि तो पाय निघतो चोराचा. सात वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. सुरुवात याच भागाने करा.

‘जंगल बुक’चं तसं नाही. मूळ मालिका जपानी, १९८९-९० ची, ५२ भागांची. आपल्याकडे ती १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. आपल्याला आठवतं ते मुख्यतः गाणं आणि नाना, खरं ना? चित्रं आजच्या अ‍ॅनिमेशनपुढे अडखळत चालतात आणि तीच ती झाडं पुन्हा पुन्हा येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना याची फिकीर नसते, ती मोगलीबरोबर निघून जातात. नऊ-दहा वर्षांची मुलं नाक मुरडतात. घरात दोन वयांची भावंडं असतील तर धाकट्याला मोगली आणि थोरल्याला स्वामी, अशी वाटणी बरी.

मराठी मालिकांत ‘गोट्या’ची शिफारस मी जरा जपून करेन. ना. धों. ताम्हनकरांच्या गोष्टी, राजदत्त यांचं दिग्दर्शन आणि अशोक पत्कींच्या संगीतातलं ते ‘बीज अंकुरे अंकुरे’. गाण्याचे सूर कानावर पडले की मोठ्यांचे डोळे ओलावतात. मुलांचे नाही, कारण त्यांच्यासाठी ते फक्त एक संथ गाणं आहे. गोट्याचा शहाणपणाही आजच्या मुलांना जरा जास्तच वाटतो. आधी पुस्तकातल्या दोन-तीन गोष्टी वाचून दाखवल्या आणि मुलांना तो आवडला, तरच मालिकेकडे वळा. प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ तर आजोबांसाठीच राहू द्या. त्यातला विनोद बोलण्याच्या ढंगात आहे आणि तो समजायला मराठी चांगलं मुरलेलं लागतं.

आता सिनेमे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे सगळ्यात सोपं उत्तर, म्हणूनच त्यावर जरा थांबते. सचिन पिळगावकरांनी हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून हा केला. भाड्याची खोली मिळावी म्हणून चौघांपैकी दोघांनी बायका व्हायचं, ही गंमत मुलांना लगेच कळते. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आले की हशा ठरलेला. पण आपण ज्याला हसतो ते बरंचसं वेगळं असतं: सुधीर जोशींचा घरमालक, मधुमेहाच्या औषधाचे ते सत्तर रुपये, अशोक सराफ यांचं थापा मारताना जराही न हलणारं तोंड. यातलं निम्मं मुलांच्या डोक्यावरून जातं. शिवाय साडीतल्या बेर्डेंच्या, म्हणजे पार्वतीच्या, डोहाळजेवणापाशी प्रश्न सुरू होतात, उत्तरं तयार ठेवा. दहाच्या पुढे उत्तम, त्याआधी अर्धामुर्धा. आणि कृपा करून संवाद पात्रांच्या आधी म्हणू नका. मुलांना त्याचा सिनेमापेक्षा जास्त वैताग येतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी मी बनवाबनवीच्या आधी ‘झपाटलेला’ (१९९३) लावेन. महेश कोठारे यांचा सिनेमा पळतो, रेंगाळत नाही. मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू, आणि माणसात परतायला त्याला हवा असलेला भोळा लक्ष्या. कथा एका ओळीत कळते, धोका काय आहे हे सतत कळत राहतं. सहाच्या आतल्यांना मात्र नको. बाहुल्या असलेल्या खोलीत ती रात्री झोपणार नाहीत आणि तुम्हालाही झोपू देणार नाहीत. दुपारी बघा, पडदे उघडे ठेवून. यातला बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. संगणकावर बनलेली चित्रं बघून वाढलेल्या मुलांना हा खरोखर हाताने हलवलाय हे सांगितलं की ती मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा बघतात. मग पाध्यांच्या बोलक्या बाहुल्याकडे, अर्धवटरावाकडे वळता येतं आणि त्या संध्याकाळी घरात कुणी ना कुणी मोज्याचा बाहुला करतंच.

‘श्यामची आई’ (१९५३) बद्दल घरात सगळ्यात जास्त आग्रह असतो आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा आचार्य अत्र्यांचा हा सिनेमा पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला, वनमालाबाई आणि छोटा माधव वझे आजही थक्क करतात. पण तो संस्काराचा डोस म्हणून लावला की मुलांना लगेच वास येतो. गरिबी, अपमान, शेवटी आईचा मृत्यू. दहा वर्षांचं मूल यानंतर गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं त्याला आवडला. अकरा-बारापर्यंत थांबा. तोवर वसंत देसाईंच्या संगीतातलं ‘भरजरी गं पितांबर’ तेवढं ऐकवा, द्रौपदीची गोष्ट सांगून. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर नवा सिनेमा केला. तो मोठ्या मुलांबरोबर नंतर जरूर बघा, पण पहिला अत्र्यांचाच.

जुन्याचा हट्ट नसेल तर एक अलीकडचं नाव: परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४). पंढरपूर, कार्तिकीची जत्रा आणि विकायला निघालेली लाडकी सायकल. मुलं मुलांसारखी बोलतात, लांबीही बेताची. पूर्ण सिनेमाची पहिली ओळख म्हणून मी याच्याइतकं दुसरं काही सुचवणार नाही.

कुठलंही निवडा, दोन गोष्टी मात्र करा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. आपल्याला मोगली आवडायचा त्यात आठवडाभर वाट बघण्याचा मोठा वाटा होता, निदान एका रात्रीची वाट तरी राहू द्या. आणि दूरदर्शनचं चित्र चौकोनी असायचं. नवा रुंद टीव्ही ते ताणतो आणि स्वामी उगाच जाडा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मूळचा ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तरी चालतील.