पोराला दवाखान्यात नेताना कोणतं कार्ड घ्यायचं: रेशनचं की ईएसआयचं?

बाप हिंगणा एमआयडीसीत कामाला, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो. घरी केशरी रेशन कार्ड. आईच्या मोबाइलवर कोणीतरी ‘आभा’ काढून दिलेलं. नागपुरात अशी घरं पुष्कळ. आभा आधी बाजूला ठेवा. तो नुसता आरोग्याच्या नोंदींचा क्रमांक आहे, त्यावर बिल माफ होत नाही. लोक त्यालाच आयुष्मान कार्ड, म्हणजे केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड, समजून बसतात.

रेशन कार्डावर मिळते ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. २०२४ पासून ५ लाख. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं. आकडा भारी वाटतो, पण हे ५ लाख अख्ख्या घराचे, वर्षभराचे. त्याच वर्षी आजोबांचं मोठं ऑपरेशन झालं तर नातवासाठी उरेल तेवढंच. आणि दुसरी गोष्ट कोणी धड सांगत नाही: यादीतल्या उपचारासाठी भरती झालं तरच योजना लागते. लहान पोरांचं दुखणं म्हणजे बहुतेक ताप, जुलाब, खोकला. डॉक्टर तपासून औषध लिहून देतात, घरी पाठवतात. तिथं योजनेचा उपयोग शून्य.

नेमकं इथंच ईएसआय कामी येतो. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात, २०१९ पासून पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. बदल्यात बायकोपोरांनाही ओपीडी, औषधं, भरती, सगळं. सोमवारीपेठेतल्या कामगार रुग्णालयात खेटे पडतात हे खरं, तरी वर्षभराच्या किरकोळ आजारपणाला माझं मत ईएसआयलाच. मात्र काम सुटलं की हा आधार फार दिवस पुरत नाही, आणि ठेकेदार पैसे कापूनही भरत नसेल तर पंचाईत. अधूनमधून ऑनलाइन तपासत जा.

हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाय असं जन्मजात काही असेल तर आधी अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. तपासणी १८ वर्षांपर्यंत फुकट, पुढं कुठं जायचं तेही तेच सांगतात. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर सरकारी दवाखान्यातला उपचार तसाही मोफत आहे.

रेशन कार्डावर पोराचं नाव चढवून ठेवा. भरतीच्या रात्री त्यासाठी धावपळ नको.

शिवनी-छिंदवाड्याहून येऊन इथं राबणाऱ्या घरांची गोष्ट निराळी. त्यांचं रेशन कार्ड मध्य प्रदेशाचं, म्हणून फुले योजना नाही. पण आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं. फक्त दवाखाना आयुष्मानच्या यादीत आहे का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारून घ्या.