रिच मलिन्सच्या आठवणीतले दोन अल्बम: कोणता निवडावा?

सप्टेंबर जवळ आला की इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत रिच मलिन्सचं नाव निघतंच. यंदा तरुण संघानं त्याच्या गाण्यांची एक संध्याकाळ ठरवली आहे आणि गाडी एकाच प्रश्नावर अडली आहे: गाणी कुठल्या अल्बमवरून बसवायची? १९ सप्टेंबर १९९७ ला अमेरिकेत, इलिनॉयमधल्या महामार्गावर जीप उलटून हा गायक-गीतकार गेला. वय अवघं एक्केचाळीस. पुढच्याच वर्षी त्याच्या आठवणीत दोन अल्बम निघाले: 'ऑसम गॉड' हा आदरांजलीचा अल्बम आणि 'द जीझस रेकॉर्ड'.

'ऑसम गॉड'मध्ये इतर गायकांनी आणि बँडनी त्याची आधीच गाजलेली गाणी गायली आहेत. त्यामुळे हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही परका वाटत नाही. शीर्षकगीत १९८८ चं, आणि इंग्रजी उपासनेला जाणाऱ्यांच्या ते तोंडात बसलेलं आहे. मला त्यातलं सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते थर्ड डे या बँडचं 'क्रीड'. आपण रविवारी उभं राहून म्हणतो तो प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, मलिन्सनं १९९३ मध्ये चालीत बांधला. त्याच्या मूळ गाण्यात हॅमर्ड डल्सिमर वाजतं. छोट्या काठ्यांनी तारांवर वाजवायचं हे वाद्य आपल्या संतूरच्या कुळातलं. थर्ड डेनं तिथे गिटारींचा दणका आणला आणि वर मॅक पॉवेलचा भरदार, खरखरीत आवाज. एरवी खाली मान घालून पुटपुटलेली ती वाक्यं इथे छाती भरून येतात. कीबोर्ड, ड्रम आणि एक-दोन गिटारी असलेल्या संघाला हे गाणं सहज बसेल.

पण जो तो आपापल्या ढंगात गातो. जार्स ऑफ क्ले या बँडचा बाज वेगळा, थर्ड डेचा वेगळा. एकापाठोपाठ ऐकताना गाणी आवडत जातात, ती लिहिणारा माणूस मात्र हाती लागत नाही.

तो माणूस 'द जीझस रेकॉर्ड'मध्ये आहे. येशूच्या जीवनावर एक सलग गीतमालिका करायचं त्याच्या मनात होतं. जाण्याच्या नऊ दिवस आधी, एका ओसाड पडलेल्या चर्चमध्ये बसून, त्यानं साध्या कॅसेटवर ती कच्ची गाऊन ठेवली. पहिल्या डिस्कवर तीच कॅसेट आहे. दुसऱ्या डिस्कवर त्याच्या साथीदारांनी, रॅगामफिन बँडनं, तीच गाणी स्टुडिओत पूर्ण केली. सोबत पाहुणे गायकही आहेत. 'नथिंग इज बियाँड यू' एमी ग्रँटनं गायलं आहे.

पहिल्या डिस्कवरचं 'हार्ड टू गेट' हेडफोन लावून ऐका. टेपची सरसर ऐकू येते, गिटार जवळ वाजते आणि आवाज दूरचा, थोडा घोगरा. शब्द थेट येशूलाच विचारतात: इथे पृथ्वीवर राहत होतास तेव्हाची भूक, एकटेपण तुला आठवतं का, की मुद्दाम हाताला लागत नाहीस? मराठी कानाला हे भांडण ओळखीचं आहे. तुकोबा विठ्ठलाशी असंच हक्कानं भांडतात, आणि नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या घरांतल्या ज्येष्ठांना इंग्रजी गाणी उपरी वाटतात. त्यांना या गाण्याचा अर्थ आधी मराठीत सांगा. भाव त्यांना लगेच कळेल.

'यू डिड नॉट हॅव अ होम'चंही तसंच. बेघर येशूवरचं हे गाणं लिहिणारा स्वतः साधारण नोकरदाराच्या पगाराइतकेच पैसे घेई, बाकी दान करी. शेवटची वर्षं तो नावाहो आदिवासींच्या वस्तीत राहून मुलांना संगीत शिकवत होता. हे ठाऊक असलं की त्या ओळी पोकळ वाटत नाहीत.

उणं आहे ते आवाजाच्या दर्जाचं. ही कॅसेट सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर फाटते, आणि पंख्यांच्या घरघरीत शब्द विरून जातात. शिवाय बरीच गाणी कुणाच्या ओळखीची नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी मिळून गायचं म्हटलं तर पंधरवडाभर तालीम लागणार.

तरीही माझं मत 'द जीझस रेकॉर्ड'कडे. आदरांजलीची संध्याकाळ करायची तर ज्याच्यासाठी जमलो तो तिथे भेटायला हवा. मलिन्सचं नावही न ऐकलेल्या मित्राला भेट द्यायची असेल, किंवा नुसता जोशपूर्ण कार्यक्रम करायचा असेल, तर खुशाल 'ऑसम गॉड' घ्या. तुमच्यात कुणी स्वतः गाणी रचत असेल तर त्याला मात्र पहिली डिस्कच द्या. गाणं सजण्याआधी कसं असतं, हे इतकं उघडं क्वचितच ऐकायला मिळतं.

कार्यक्रमात सुरुवातीला, खोली शांत असताना, कॅसेटवरचं एकच गाणं ऐकवा. मग गायला दुसऱ्या डिस्कवरचं 'माय डिलिव्हरर' घ्या. योसेफ आपल्या कुटुंबाला घेऊन मिसर देशात पळतो तिथून ते सुरू होतं, धृपद एकदा ऐकलं की जमतं, आणि १९९९ मध्ये त्याला अमेरिकेतल्या ख्रिस्ती संगीताच्या डव्ह पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा मान मिळाला होता. 'ऑसम गॉड'मधून एकच गाणं उसनं घ्यायचं झालं तर 'क्रीड' घ्या, आणि मधला मतांगीकार मराठीत म्हणा. तो सगळ्यांना पाठ आहे, कागद वाटायलाही नकोत.