अर्धवट आठवणारी बालकथा: मुंबईत शोध कुठून सुरू करावा?

लहानपणी वाचलेल्या गोष्टीतला कोल्हा, एक विहीर आणि कोपऱ्यातले चित्र एवढेच लक्षात असेल, तर ती पाठ्यपुस्तकांत शोधावी, ग्रंथालयात की जुन्या पुस्तकांच्या बाजारात, हे ठरवताना कथानकापेक्षा ती कोणत्या स्वरूपात हाती आली होती याला अधिक महत्त्व द्यावे. ग्रंथालयाची सूची लेखक, शीर्षक आणि विषय सांगते, गोष्टीत काय घडते ते सांगत नाही. शिवाय विहिरीतला कोल्हा इसापनीतीच्या असंख्य आवृत्त्यांत भेटतो.

गोष्टीखाली स्वाध्याय होता असे आठवत असेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरील जुन्या पाठ्यपुस्तकांचा संग्रह हा सर्वांत स्वस्त आणि झटपट मार्ग आहे. आपण कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत होतो हे जन्मसालावरून काढता येते आणि त्यानंतर दोन-तीन पुस्तकेच चाळावी लागतात. मात्र बालभारतीची स्थापना 1967 सालची आहे. त्याआधी प्राथमिक शाळा संपवलेल्यांच्या हाती अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखी पुस्तके होती आणि त्यांच्यासाठी ग्रंथालयच गाठणे इष्ट.

मासिकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 1971 साली सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने विनामूल्य वाचायला ठेवले आहेत, पण ती पानांची छायाचित्रे असल्याने आठवणारा शब्द टंकून गोष्ट सापडेल अशी आशा धरू नये, अनुक्रमणिका वाचत जाणे हाच उपाय आणि सुरुवात दिवाळी अंकांपासून करावी, कारण घरात जपून ठेवले जात ते बहुधा तेच. ‘चांदोबा’ मद्रासहून निघत असे आणि त्याची मराठी आवृत्ती 1952 साली सुरू झाली. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा किंवा वाचकांनी मथळे सुचवायची छायाचित्रांची जोडी आठवत असेल, तर तो ‘चांदोबा’च समजावा. त्यातल्या धारावाहिक कथांबाबत एक शक्यता सहसा लक्षात घेतली जात नाही: आपण गोष्ट अर्धी विसरलेलो नसतो, अर्धीच वाचलेली असते. शेजाऱ्यांकडून आलेला एखादाच अंक वाचून पुढचा कधी मिळाला नसेल, तर शेवट आठवण्याचा प्रयत्न सोडून मागचे-पुढचे अंक शोधणे शहाणपणाचे.

अशा अंकांसाठी बाजार आणि ग्रंथालय यांत मी ग्रंथालयाला झुकते माप देईन. हुतात्मा चौकातील किंवा किंग्ज सर्कलच्या पदपथावरील विक्रेत्यांकडे इंग्रजी पुस्तकांचाच भरणा असतो. मराठी बालमासिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा निघालाच तर सलग वर्ष त्यात क्वचितच असते, आणि हवा तो अंक आहे का हे सुतळी सोडल्याशिवाय कळत नाही. नाव माहीत असलेले पुस्तक स्वतःच्या कपाटात हवे असेल, तेव्हा बाजार उपयोगी. नावच माहीत नसेल तेव्हा नव्हे.

ग्रंथालयांत दादर पूर्वेचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना 1898) आधी गाठावे, कारण तिथे मराठी हीच मुख्य भाषा आहे. 1950 पूर्वीचे पुस्तक असेल, तर तिथे शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागावी. तिचे दोन खंड 1800 ते 1950 हा काळ व्यापतात आणि पुस्तके विषयवार लावलेली असल्याने बालवाङ्मयाची शीर्षके एका ठिकाणी नजरेखालून घालता येतात. फोर्टमधल्या टाउन हॉलच्या परिसरातील मध्यवर्ती ग्रंथालयाला 1954 च्या कायद्यानुसार देशभरात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. परंतु इतक्या मोठ्या साठ्यातून नुसत्या आठवणीवर पुस्तक निघत नाही. निदान प्रकाशक किंवा दशक ठाऊक झाल्यावरच तिथे जावे.

बर्फ, अस्वल आणि मोठी रंगीत चित्रे आठवत असतील, तर पुस्तक मॉस्कोत छापलेले मराठी भाषांतर असण्याचा दाट संभव आहे. ही पुस्तके मुंबईत लोकवाङ्मय गृहातून विकली जात, म्हणून तेव्हाच्या वाचकांना विचारताना ‘रशियन पुस्तके’ असेच म्हणावे, लगेच ओळखतात. गोष्ट आजीने सांगितलेली असेल, तर छापील प्रत सापडली तरी ती तंतोतंत जुळणार नाही. तिथे आधी घरातल्या दुसऱ्या नातवंडांना फोन करावा. संगणकाला विचारून मिळालेले शीर्षक मात्र सूचीत पडताळल्याशिवाय खरे मानू नये, कारण अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही तो तितक्याच ठामपणे सांगतो.