मागचा एसी: पाइप बदलावा की टोपण लावावे?

मिशिगनमधील माझ्या मित्राच्या मिनीव्हॅनच्या मागच्या एसीतून गारवा देणारा वायू गळतो आहे. नवा पाइप घालावा की मागच्या एसीकडे जाणारी पाइपची शाखाच टोपणाने बंद करावी, असा त्याला पेच पडला आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेल्या मिठामुळे गाडीच्या पोटाखालून जाणारे ॲल्युमिनियमचे पाइप कुजतात. पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपेजवळ पांढरी भुकटी आणि तेलकट डाग दिसला, की गळती बहुधा तिथेच असते.

खर्च आणि श्रम पाहता टोपण उजवे ठरते. मात्र बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले वायूचे वजन दोन्ही एसींसाठी असते, त्यामुळे मागची शाखा बंद करून तेवढाच वायू भरल्यास दाब बेसुमार वाढतो.

टिकाऊपणात अखंड नवा पाइप सरस. कुजलेला तुकडा कापून जोड घातला, तर शेजारची जागा गळू लागू शकते, आणि मला तरी हे ठिगळ पटत नाही.

उरलेला वायू हवेत सोडणे अमेरिकेत बेकायदेशीर असल्याने तो काढून घेण्याचे काम दोन्ही बाबतींत गॅरेजकडेच द्यावे.

तिसऱ्या रांगेत मुले बसत असतील तर पाइप बदलावा. मागे केवळ सामान जात असेल तर टोपण पुरे.