जर्मनीत आश्रय नाकारला: नोकरीची डुल्डुंग की प्रशिक्षणाची?

आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलाय. गोदामात नोकरी चालू आहे आणि बेकरीत प्रशिक्षणाची जागाही मिळतेय. काय धरावं, काय सोडावं? दोन्हीकडे मिळते ती 'डुल्डुंग': हद्दपारी थांबते, पण तो निवास परवाना नव्हे. स्वतःची ओळख कागदोपत्री सिद्ध करणं दोन्हीकडे आलंच.

पात्रतेत मोठा फरक आहे. नोकरीच्या मार्गासाठी ३१ डिसेंबर २०२२पर्यंत जर्मनीत आलेलं असावं लागतं. शिवाय आधीच १२ महिने साधी डुल्डुंग असणं, १२ महिने आठवड्याला किमान २० तासांचं विमापात्र (पगारातून सामाजिक विम्याची वर्गणी कापली जाणारं) काम, स्वतःचा खर्च भागेल इतकी कमाई आणि बोलण्यापुरतं जर्मन हवं. या तारखेनंतर आलेल्यांना ही वाट बंद, मग ते कितीही राबोत. मला ही अट अन्यायाची वाटते. प्रशिक्षणाला अशी तारीख नाही, मात्र अभ्यासक्रम सहसा किमान दोन वर्षांचा लागतो.

कमाई नोकरीत जास्त. शिकाऊ भत्त्यावर घर चालवणं कठीण.

जोखीम? प्रशिक्षण मध्येच सुटलं तर दुसरी जागा शोधायला एकदा सहा महिने मिळतात. नोकरीत अशी मुदत ठरलेली नाही. आपला दोष नसलेला छोटा खंड तेवढा चालतो.

नोकरीची डुल्डुंग ३० महिन्यांची, जोडीदार आणि अल्पवयीन मुलांसह. पुढे निवास परवान्याची वाट असते. प्रशिक्षणानंतर त्याच कामात नोकरी मिळाली, तर दोन वर्षांचा परवाना.

मुलंबाळं असलेल्या, जुन्या कामगाराने नोकरी धरावी. तरुण, एकटा किंवा २०२२नंतर आलेला असेल, त्याने प्रशिक्षणच घ्यावं. करारावर सही करण्याआधी सल्ला केंद्रात कागद दाखवा.